निसर्ग माहिती केंद्र नव्याने मांडायचंय: 1400 चौ. फूट, पत्र्याचं छप्पर, सात लाख रुपये (सातारा–बामणोली रस्ता)

घाटवाट

मंडळी, सल्ला हवाय. कास पठाराच्या पुढे, बामणोलीकडे उतरणाऱ्या रस्त्यालगत गावच्या समितीकडे एक निसर्ग माहिती केंद्र आहे. हॉल 50 बाय 28 फुटांचा, वर पत्रा, दोन्हीकडे खिडक्या. आत सध्या असं आहे:

– भिंतीला चिकटवलेले 34 फ्लेक्स आणि सनबोर्ड (फोमच्या छापील पाट्या). निम्मे फिके पडलेत, खालचे कोपरे सुटलेत, मागे काळी बुरशी.
– फायबरचा वाघ. सगळी गर्दी त्याच्याभोवती, फोटोसाठी.
– टच स्क्रीनचा किऑस्क, बंद.
– काचेच्या तीन पेट्या: वाळवलेल्या फुलांचे कागद, दोन घरटी, सांबराचं एक शिंग, प्लास्टरचे पंजाचे ठसे (भुगा व्हायला लागलेत).

हंगामात शनिवार-रविवारी कासला आलेली कुटुंबं येतात, हिवाळ्यात शाळेच्या सहली. एका एसटीतून 45-50 पोरं उतरतात. माणूस आत शिरतो, वाघासोबत फोटो काढतो आणि सात-आठ मिनिटांत बाहेर. गावातली दोन मुलं गाईड म्हणून आहेत, तीच दुरुस्तीही बघतात. वीज जाते, पावसाळ्यात जास्तच.

सात लाख मंजूर झालेत. एका ठेकेदाराने 3डी थिएटर आणि दोन नवे टच किऑस्क सुचवलेत. काम ऑक्टोबर ते मे एवढ्यातच होऊ शकतं. सुरुवात कुठून करावी? काय ठेवावं, काय काढावं?

---

रानभूल

थिएटरवाल्याला आधी चहा पाजून परत पाठवा. जिथे वीज टिकत नाही आणि दुरुस्तीला माणूस साताऱ्याहून यायचा, तिथे अशी यंत्रं दुसऱ्या पावसाळ्यात झाकून ठेवलेली सापडतात. निकष एकच लावा: जी वस्तू तुमची दोन गाईड पोरं स्क्रू ड्रायव्हर, डिंक आणि एक जादा सुटा भाग एवढ्यावर दुरुस्त करू शकत नाहीत, ती हॉलमध्ये येऊ द्यायची नाही.

पैसे खर्च करायच्या आधी माणसं कशी फिरतात ते बघा. हॉलचा नकाशा कागदावर काढून त्याच्या पन्नासेक झेरॉक्स काढा. दारातून येणारा दर तिसरा गट निवडायचा आणि तो कुठून कुठे गेला ती रेघ पेन्सिलीने ओढायची. दोन्ही पाय थांबून तीन सेकंद झाले तरच तो ‘थांबला’ म्हणायचं. थांबला तिथे टिंब, शेजारी सेकंद. शनिवार-रविवारचे गट वेगळे, आडवारचे वेगळे, शाळा तर पूर्ण वेगळी, कारण पोरं बाई नेतील तिथे जातात, त्यांची रेघ बाईंची असते. चाळीस-पन्नास कागद जमले की एकावर एक ठेवून उजेडापुढे धरा. कुठल्या फलकापाशी कुणीच थांबत नाही ते डोळ्यांनीच दिसेल. माझा अंदाज, चौतीसपैकी पंचवीस तरी कोरे निघतील.

बाहेर पडताना एवढंच विचारा: “आता इथून पुढे गेल्यावर काय शोधणार?” उत्तर आलं नाही तर केंद्राचं काम झालं नाही, मग आत कितीही माहिती असो. लोक हॉल बघायला आलेले नसतात, पठार आणि कोयनेचं पाणी बघायला आलेले असतात. हॉलने त्यांना पुढच्या दोन तासांत डोळे कुठे लावायचे ते सांगावं, बस.

म्हणून पहिली जागा, दारातून शिरल्याबरोबर समोर, ‘या आठवड्यात काय दिसतंय’ या फळ्याला द्या. साधा काळा फळा आणि बारा ए5 खोबणी. खोबणीत फुलाचा किंवा पक्ष्याचा फोटो सरकवायचा, खाली खडूने कुठे दिसलं ते. गाईडने दर सोमवारी बदलायचं. ऑगस्ट-सप्टेंबरात तेरडा, सीतेची आसवं, गेंद, सोनकी असं भरभरून असेल. खरी कसोटी नोव्हेंबर ते मे. तेव्हा फुलं नसतात आणि लांबून आलेला माणूस ‘इथे तर काहीच नाही’ म्हणत गाडीत बसतो. त्या महिन्यांत खोबणीत कातळावरचे शेवाळाचे वाळके चट्टे, कारवीच्या जाळ्या, शेकरूचं घरटं, जांभ्यातली भोकं येऊ द्या. पठार सुकलेलं बघणं हाही विषयच आहे.

वाघ फेकू नका. तो बाहेर, निघायच्या दारापाशी ओट्यावर ठेवा. फोटोची गर्दी तिथे होऊ दे, आत चालायला जागा मिळेल. शेजारी एक छोटा फलक लावा: सह्याद्री व्याघ्र प्रकल्प 2010 साली जाहीर झाला, कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून तो बनलाय, आणि तुम्ही आत्ता त्याच्या शेजारी उभे आहात.

---

सुतारकाम_सांगली

वरच्यांशी सहमत. आता सामानाचं बोलू, कारण तुमचे फलक मजकुरामुळे नाही, भिंतीमुळे मेलेत.

जुलैत त्या भागातली भिंत घामेजते. सनबोर्ड थेट भिंतीला चिकटवला की मागे हवा खेळत नाही, ओल अडकते, बुरशी धरते आणि वरचं छापील विनाइल कडेपासून उचलतं. उपाय स्वस्त आहे: भिंतीवर आधी 25 मि.मी. जाडीच्या ॲल्युमिनियमच्या उभ्या पट्ट्या मारा, त्यावर फलक. खाली-वर फट उघडी ठेवा. आडव्या पट्ट्या मारू नका, हवेची वाट बंद होते. फलकाला 3 मि.मी. एसीपी शीट (दोन्हीकडे ॲल्युमिनियमचा पत्रा, मध्ये प्लास्टिक) आणि त्यावर थेट यूव्ही प्रिंट. विनाइल नको, लॅमिनेशन नको. जे चिकटवलंय ते इथे सुटणारच. स्क्रू 304 ग्रेड स्टीलचेच घ्या, साध्या स्क्रूचा गंज एका पावसात खाली ओघळतो आणि फलक रडल्यासारखा दिसतो.

एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) कुठेही वापरू नका. फुगतो. टेबल-पेट्यांना आयएस 710 शिक्क्याचा (ओलीत टिकणारा मरीन) प्लाय घ्या, आणि कापलेल्या कडांना रंगाआधी सीलर लावलाय का ते स्वतः बघा. सुतार नेमका तेवढाच भाग विसरतो आणि पाणी तिथूनच शिरतं.

ऊन पडणाऱ्या खिडकीसमोर काहीही छापील लावू नका. बाहेर उघड्यावरचे फलक करायचे असतील तर छपाई आतच दाबलेली एचपीएल (कागदाच्या थरांची कडक) शीट घ्या, महाग आहे पण टिकते. उतरत्या टेबलासारखा फलक असेल तर 30 ते 45 अंशांचा उतार, खालची कड जमिनीपासून 75-80 सें.मी. म्हणजे चाकाच्या खुर्चीतल्या माणसाचे गुडघे आत जातात आणि चौथीतल्या पोरालाही दिसतं. पठाराच्या कातळावर मात्र एकही खांब नको. तिथली माती बोटभर असते, एक खड्डा म्हणजे एक डबकं उद्ध्वस्त. वनखात्याची परवानगी हा त्याच्याही आधीचा प्रश्न.

दारात पायपुसणं मोठं घ्या, निदान तीन मीटर लांब काथ्याचं. माणसाची चार-पाच पावलं त्यावर पडली पाहिजेत. आणि ओल्या रेनकोटांना दाराबाहेरच खुंट्या. हॉलमधली बरीच ओल पाहुण्यांच्या अंगावरूनच आत येते.

---

घाटवाट

उभ्या पट्ट्यांचं डोक्यात नव्हतं, धन्यवाद दादा. काचेच्या पेट्यांचं काय करू? फुलांचे कागद कुणीतरी जुन्या संग्रहातून दिलेत.

---

वनस्पती_वर्ग

त्या पेट्यांत दोन धोके आहेत, दोन्ही लगेच निस्तरा.

एक: जुन्या संग्रहातल्या वाळवलेल्या वनस्पतींवर कीड लागू नये म्हणून पूर्वी पाऱ्याचं क्षार, मर्क्युरिक क्लोराइड, लावत. कागदावर करडे-काळे डाग दिसले तर तीच शंका घ्या. हातमोज्यांशिवाय हात लावू नका, पोरांच्या हाती तर अजिबात देऊ नका. चांगले कागद स्कॅन करून प्रिंट लावा, मूळ कागद एखाद्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाला द्या. डांबराच्या गोळ्या टाकणं हा उपाय नाही, त्या वाफेत श्वास घेणारा तुमचाच गाईड असतो.

दोन: शिंग आणि घरटी. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 मधल्या ‘ट्रॉफी’च्या व्याख्येत शिंग, हाड, पीस, अंडी, घरटं, मधाचं पोळंसुद्धा येतं. ‘जंगलात पडलेलं सापडलं’ हा बचाव नाही. वनखात्याची लेखी परवानगी फाइलमध्ये असेल तर ठेवा, नसेल तर आधी परिक्षेत्र अधिकाऱ्यांशी बोला. बहुतेक ठिकाणी परवानगी कुणी घेतलेली नसते आणि दाखवायची वेळ आली की सगळे एकमेकांकडे बघतात.

परवानगीने जे ठेवाल त्याच्या पेटीला दाराभोवती रबरी गॅस्केट लावा आणि तळाला जाळीखाली सिलिका जेल (ओल शोषणारे खडे). हिशेब एक घनमीटरला 20 किलो. तुमची 60 बाय 40 बाय 40 सें.मी.ची पेटी असेल तर साधारण दोन किलो. लोक खिशातल्या पुडीएवढं टाकतात आणि जेल चालत नाही म्हणतात. रंग बदललं की 120 अंशांपर्यंत ओव्हनमध्ये तापवून परत वापरायचं. नवीन नमुना आत ठेवण्याआधी प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून घरगुती डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे, म्हणजे किडीची अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर नमुन्यावरच दव धरतं. पिसं, पानं, कापड यांवर उजेड 50 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) वर नको.

पंजाचे ठसे प्लास्टरचे ठेवूच नका, ते ओल पितात. चांगल्या ठशावर सिलिकॉन रबराचा साचा करा आणि त्यात पांढरा सिमेंट एक भाग, चाळलेली बारीक वाळू दोन भाग असं ओता. हवे तेवढे निघतील, पोरांना हाताळायला द्या. बिबट्या आणि कुत्रा शेजारी-शेजारी मांडा: एकात नखं उमटत नाहीत, दुसऱ्यात उमटतात. खाली उत्तर लिहू नका, फिरवायच्या पट्टीमागे लपवा.

आता मजकूर. एक फलक, एक गोष्ट, 60 शब्द. तुमच्या फलकांवर बहुधा असं असेल: “ड्रॉसेरा ही ड्रोसेरेसी कुलातील कीटकभक्षी वनस्पती असून ती नत्राची कमतरता असलेल्या मृदेत आढळते.” यात चूक काही नाही, पण कुणी वाचत नाही. त्याऐवजी:

*हा दव नाही. चिकट रस आहे. पाण्याचा थेंब समजून बसलेला कीटक इथेच अडकतो आणि हळूहळू पचतो. कातळावरच्या पातळ मातीत नत्र फार कमी. दवबिंदू ही वनस्पती ते असं मिळवते. बाहेर शोधा: ओल्या कातळाच्या कडेला, लालसर, नाण्याएवढी. आधी पाय कुठे ठेवताय ते बघा.*

शेवटच्या दोन ओळी सगळ्यात महत्त्वाच्या. प्रत्येक फलकावर ‘बाहेर शोधा’ असलंच पाहिजे, आणि जे बाहेर सापडणार नाही त्याला फलक मिळणार नाही. चौतीसचे दहा-बारा आपोआप होतील. इंग्रजी खाली, लहान अक्षरात.

---

अक्षरजुळणी

देवनागरीबद्दल चार गोष्टी, कारण छापखान्यात नेमकी इथेच वाट लागते.

इंग्रजीसाठी सांगितलेला 24 पॉइंटचा आकार मराठीला पुरत नाही. वर मात्रा-रफार, खाली उकार, त्यामुळे मधलं अक्षर लहान पडतं. हातभर अंतरावरून वाचायच्या मजकुराला 30 पॉइंट धरा, ओळींमधलं अंतर दीडपट. शीर्षक 100 च्या पुढे. ओळीत 45-50 अक्षरांहून जास्त नको. गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं करायचीच असतील तर वजन ‘मीडियम’ घ्या, बारीक शिरोरेघ यूव्ही प्रिंटमध्ये तुटते आणि ‘ष्ट्र’, ‘द्ध’ बुजतात. ‘मुक्त’ (Mukta) किंवा ‘नोटो सॅन्स देवनागरी’ हा फॉन्ट चालेल.

मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवू नका. छापखान्याचा ऑपरेटर तो जुन्या कोरलड्रॉ सॉफ्टवेअरमध्ये चिकटवतो, मग पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाते, ‘ऱ्या’चा भलताच काहीतरी होतो आणि ते एसीपीवर छापून आल्यावर तुमच्या लक्षात येतं. अक्षरं कर्व्हमध्ये (म्हणजे चित्राच्या रेषांत) बदललेली पीडीएफ द्या आणि छापण्याआधी एक फलक पूर्ण आकारात कागदावर मागा.

त्याच्याही आधी सगळे फलक ए3 वर काळे-पांढरे काढून सेलोटेपने जागेवर लावा आणि दोन शनिवार-रविवार तसेच राहू द्या. दहा-पंधरा जणांना वाचायला लावून ‘काय कळलं’ विचारा. जिथे तीन जण अडखळले ते वाक्य बदला. फलकाचा मध्य जमिनीपासून 135 सें.मी.च्या आसपास, पोरांसाठीचे एक वीतभर खाली.

---

शीळ

यंत्रांना सरसकट नाही म्हणू नका हो रानभूल. आवाज ही एक गोष्ट फोटोत येत नाही. शीळकरी कस्तूर, तांबट, शेकरू, मोर यांचे आवाज बटणावर वाजले तर पोरं हलत नाहीत तिथून. आणि ते गावातली पोरं दुरुस्त करू शकतील असं बनवता येतं.

सामान: अर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड), डीएफ प्लेअर मिनी (कार्डावरचे आवाज वाजवणारं मॉड्यूल), 8 जीबी मायक्रो एसडी कार्ड, 3 वॅटचा एक स्पीकर, 30 मि.मी.ची सहा आर्केड बटणं, 5 व्होल्ट 2 अँपिअरचा ॲडॉप्टर. नॅनोकडून प्लेअरच्या आरएक्स पिनला जाणाऱ्या तारेत 1 किलोओहमचा रेझिस्टर घाला, नाहीतर स्पीकरमधून सतत घरघर येते. कार्ड एफएटी32 मध्ये फॉरमॅट करून ‘mp3’ ऐवजी दुसऱ्या नावाचं फोल्डर करू नका, आणि फायलींना 0001, 0002 अशीच नावं द्या. फोल्डरबाहेर टाकल्या तर हे मॉड्यूल नावाने नाही, कॉपी केल्याच्या क्रमाने वाजवतं, मग मोराच्या बटणावर तांबट ओरडतो.

आवाज 8 ते 12 सेकंद, त्याहून लांब नको. बटण दाबल्यावर पहिले तीन सेकंद दुसरं बटण चालणार नाही असं प्रोग्रॅममध्ये घाला, पोरं सगळी एकदम दाबतात. आवाजाची पातळी तीसपैकी अठराच्या आसपास, पत्र्याखाली घुमतं. सर्किटवर दोन्ही बाजूंनी पारदर्शक लॅकर, फक्त कार्डाची खाच आणि सॉकेट झाकून. कार्डाच्या दोन जादा प्रती आणि एक जादा प्लेअर त्याच पेटीत, पाकिटात चिकटवून. वीज गेली तरी 12 व्होल्टची बॅटरी आणि कन्व्हर्टरवर दिवसभर चालतं.

आवाज झेनो-कांटो या पक्ष्यांच्या आवाजांच्या संकेतस्थळावर मिळतात, पण प्रत्येकाचा परवाना वाचा. बरेच बिगर-व्यावसायिक वापरापुरतेच असतात. तुम्ही तिकीट घेत असाल तर ध्वनिमुद्रण करणाऱ्याला ईमेल टाका, बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात. नाव फलकावर द्यायचंच.

---

रानभूल

हे मान्य. माझा राग टचवर आहे, बटणावर नाही.

---

घाटवाट

हॉलच्या मधोमध काहीतरी मोठं हवं असं समितीचं म्हणणं आहे. वाघ बाहेर गेला तर तिथे काय?

---

सुतारकाम_सांगली

उठावाचा नकाशा. महाबळेश्वर ते कोयनानगर, पश्चिमेला कोकणचा पायथा, पूर्वेला सातारा. 1:50,000 ला साधारण 120 बाय 100 सें.मी. होतो, चारही बाजूंनी हात पोचतो. टेबल 65 सें.मी. उंच, भोवती दीड मीटर मोकळी जागा.

सर्व्हे ऑफ इंडियाच्या 1:50,000 नकाशावर समोच्च (समान उंचीच्या) रेषा 20 मीटरला असतात. त्यातल्या 100 मीटरच्याच घ्या. प्रत्येक 100 मीटरला 6 मि.मी.चा एक थर, म्हणजे उंची तिप्पट फुगवलेली. एवढी फुगवली नाही तर घाट सपाट वाटतात. कोकणातल्या 100 मीटरपासून महाबळेश्वरच्या 1400 पर्यंत तेरा थर, सगळं मिळून आठ सें.मी.च्या आत. थर 6 मि.मी. फोम पीव्हीसीचे, सीएनसी राउटरवर (संगणकावर चालणाऱ्या कापणी यंत्रावर) कापायचे. लेझरवर पीव्हीसी कापू देऊ नका, क्लोरीनयुक्त विषारी वायू सुटतो आणि मशीनही गंजतं. लेझरच हवा असेल तर ॲक्रिलिक घ्या. शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, निळ्या ॲक्रिलिकचा वेगळा तुकडा, भरलेल्या धरणाची पातळी 659 मीटर धरून. पुट्टीने पायऱ्या बुजवू नका, बोटाने पायऱ्या मोजता येणं हीच मजा आहे. वरून मॅट पीयू लेपाचे दोन हात. लेबलं चिकटवू नका, पोरं नखाने काढतात. कोरून रंग भरा: कास, वासोटा, बामणोली, तापोळा, प्रतापगड, कोयना धरण.

---

वनस्पती_वर्ग

त्याच्या शेजारी पावसाच्या नळ्या लावा. 63 मि.मी. व्यासाच्या पारदर्शक नळ्या, 1:4 प्रमाणात. महाबळेश्वरचा पाऊस साडेपाच हजार मि.मी.च्या वर, म्हणजे जवळपास 1.4 मीटरची नळी. सातारा शहराची साधारण 25 सें.मी., माण तालुक्यातल्या म्हसवडची जेमतेम 12-13. सगळं एकाच जिल्ह्यात, सरळ रेषेत शंभर-सव्वाशे किलोमीटरमध्ये. नेमके आकडे हवामान खात्याच्या सरासरीवरून घ्या, आणि मधल्या गावांच्या नळ्याही लावा, म्हणजे घाटाची पावसाची सावली पायरीपायरीने उतरताना दिसेल.

नळ्यांत रंगीत पाणी मात्र भरू नका. महिन्याभरात शेवाळ धरतं आणि सांध्यातून गळतं. निळे काचमणी भरा, वर टोपण सिलिकॉनने बंद.

---

रानभूल

पन्नास पोरांचं राहिलं. 1400 चौ. फूट म्हणजे 130 चौ. मीटर, सामान वगळून माणशी तीन चौ. मीटर धरले तर चाळीसच्या आतच बसतात. एक एसटी एकदम आत घेऊ नका. तीन गट: एक नकाशा-नळ्यांपाशी, एक ठसे-आवाजांपाशी, एक बाहेर गाईडबरोबर, दर पंधरा मिनिटांनी बदल. दोन गाईड पुरतात, तिसऱ्या गटाला शाळेच्या बाई. त्यांना आदल्या दिवशी एक पानी सूचना व्हॉट्सॲपवर पाठवा.

सात लाखांतले एक लाख बाजूला काढा आणि पहिली दोन वर्षं दुरुस्तीलाच ठेवा. समितीच्या ठरावात तसं लिहून घ्या, नाहीतर मार्चअखेर ते पैसे कमानीला जातील.

---

घाटवाट

कमानीचा ठराव आधीच झालाय :) थांबवतो. या शनिवारी झेरॉक्स घेऊन दारात बसतो, कागद जमले की फोटो टाकतो.